मधुमेही रुग्णाचें हरवलेलें वजन

मधुमेह हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक स्थूल, मध्यमवयीन, गोडाचा शौकीन गृहस्थ उभा राहतो. डॉक्टर त्याला भात, साखर आणि बटाटे कमी करण्यास सांगतात, त्याचें पोट थोडें उतरतें आणि घरांतील मंडळी समाधान पावतात. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. याच रोगाचा दुसरा एक रुग्ण असतो. तो खातो पुष्कळ, पाणी पितो पुष्कळ, आणि तरीही दिवसेंदिवस वाळत जातो. अंगावरचे कपडे ढिले होतात, बोटांतील अंगठी गळूं लागते, जिना चढतांना मांड्या थरथरतात. त्यालाही सांगण्यांत येतें कीं भात कमी करा. मग घरांत खरा पेंच उभा राहतो. जो आधींच झिजला आहे त्याचें ताट आणखी रिकामें करावयाचें, कीं साखर वाढली तर वाढो, असें म्हणून त्याला पोटभर जेवूं घालावयाचें?

हा भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटलेला नव्हता. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मापासून येणारा व दुसरा अपथ्यामुळें होणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रुक्ष, अल्पाहारी व फार तहानलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा स्थूल, बहुभोजी आणि बसण्यालोळण्यांत सुख मानणारा असतो. चरकसंहितेंतही कृश व दुर्बल प्रमेह्याला पुष्ट करणारे उपचार द्यावेत आणि बलवान व स्थूल रोग्याला शोधन द्यावें, असा निराळा मार्ग सांगितला आहे. रोग एक, पण पथ्य एक नव्हे, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. त्यामागील कारण मात्र कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

वजन उतरतें तें कां?

अन्नांतील पिष्टमय व शर्करामय पदार्थांना आतां कर्बोदकें म्हणतात. तीं पचलीं म्हणजे त्यांची द्राक्षशर्करा बनते व ती रक्तांत मिसळते. ती स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत शिरावी यासाठीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन नांवाचा स्राव रक्तांत सोडला जातो. परंतु इन्शुलिनचें काम केवळ साखर उतरविणें एवढेंच नाहीं. स्नायूंत प्रथिनांची बांधणी व्हावी, मेद सांठून राहावा आणि यकृतानें गरज नसतांना नवी साखर तयार करूं नये, हीं सर्व कामें तेंच करवितें. थोडक्यांत, शरीराच्या कोठारावरील तो कोठावळा आहे.

हा कोठावळा नाहींसा झाला कीं कोठाराला दोन्ही बाजूंनीं गळती लागते. रक्तांतील साखरेचें प्रमाण दर १०० मिलिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेलें म्हणजे मूत्रपिंडांना ती सर्व अडवून धरतां येत नाहीं. ती लघवीवाटे बाहेर पडूं लागते व आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. दिवसाकांठीं १०० ग्रॅम साखर अशी वाहून गेली तर सुमारें ४०० उष्मांक वाया गेले. म्हणजे जवळजवळ तीन ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन न खाल्ल्यासारख्या झाल्या. दुसरी गळती याहून घातक. पेशी उपाशी असल्यामुळें शरीर आपलेच स्नायू मोडून त्यांतून साखर बनवूं लागतें, आणि ती साखरही पुन्हां लघवींतच जाते. मेद वितळतो व त्यापासून कीटोन नांवाचीं आम्ल द्रव्यें तयार होतात. तीं फार सांचलीं तर उलट्या, धाप, ग्लानि आणि अखेरीस मृत्यु असा क्रम ओढवतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. इन्शुलिनचा अभाव तसाच ठेवून ताटांत कितीही वाढलें तरी तें अंगीं लागणार नाहीं. फुटक्या रांजणांत पाणी ओतण्यासारखाच तो उद्योग ठरतो.

उपाशी ठेवून जगविण्याचा काळ

इन्शुलिन हातीं येण्यापूर्वीं डॉक्टरांपाशीं आहाराखेरीज दुसरें साधनच नव्हतें. इंग्रज सैन्यांतील शल्यवैद्य जॉन रोलो यांनीं १७९७ सालीं एका मधुमेही अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवल्यानें त्याच्या लघवींतील साखर कमी झाली होती. हा रोगी स्थूल होता, हें विसरतां कामा नये. पुढें फ्रान्समध्यें बूशार्दा या पंडितानें १८७०–७१ च्या पॅरिसच्या वेढ्यांत अन्नटंचाईमुळें कांहीं मधुमेह्यांच्या लघवींतील साखर नाहींशी झाल्याचें पाहिलें. साखर कमी खाल्ली कीं साखर कमी दिसते, आणि एकूणच कमी खाल्लें कीं आणखी कमी दिसते, अशीं दोन निरीक्षणें जमा झालीं.

या विचाराचें टोंक अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपचारांत गांठलें गेलें. ते रुग्णाला प्रथम लघवींतील साखर जाईपर्यंत उपवास घडवीत. मग थोडथोडें अन्न वाढवीत नेत, आणि साखर पुन्हां दिसतांच मागें येऊन त्याहून कमी अशी मर्यादा ठरवीत. भाज्या तीन तीन वेळां उकळून, पाणी टाकून, त्यांतील पिष्टांश काढून घेतला जाई. यामुळें मुलें महिने, कित्येकदां वर्षे, अधिक जगत. परंतु तीं अस्थिपंजर होऊन जगत. कांहीं तर मधुमेहानें मेलीं नाहींत, उपासमारीनें मेलीं. ॲलन क्रूर नव्हते. त्यांच्यापुढें दोन मृत्यूंपैकीं जो हळू येईल तो निवडावयाचा, एवढाच पर्याय होता.

एलिझाबेथ ह्यूज हिची हकीकत या संदर्भांत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही कन्या. १९१९ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, तिला मधुमेह जडला व ती ॲलन यांच्या देखरेखीखालीं आली. त्या वेळीं तिचें वजन सुमारें ७५ पौंड, म्हणजे ३४ किलो होतें. तीन वर्षे तिनें तोललेल्या, मोजलेल्या घांसांवर काढलीं. १९२२ च्या ऑगस्टमध्यें ती टोरांटो येथें पोंचली तेव्हां पांच फूट उंचीच्या या मुलीचें वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो उरलें होतें.

दरम्यान त्याच टोरांटो शहरांत १९२१ च्या उन्हाळ्यांत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडांतून इन्शुलिनचा अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोंचण्यांत आला. पहिला अर्क अशुद्ध निघाला; परंतु जेम्स कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला देतांच त्याची साखर झपाट्यानें उतरली. एलिझाबेथला इन्शुलिन मिळालें तेव्हां कांहीं आठवड्यांतच तिचा आहार दिवसाला २००० उष्मांकांच्या पुढें गेला. १९२३ च्या आरंभापर्यंत तिचें वजन १०० पौंडांच्या वर होतें. पुढें तिनें पदवी घेतली, संसार केला, आणि १९८१ सालीं वयाच्या ७३ व्या वर्षीं ती वारली. तोंवर तिनें इन्शुलिनचीं चाळीस हजारांहून अधिक इंजेक्शनें घेतलीं होतीं.

उणें काय करावयाचें?

या इतिहासांतील एक मधला टप्पा बहुधा दुर्लक्षित राहतो, आणि आजच्या गृहस्थाला तोच अधिक उपयोगाचा आहे. १९२० च्या सुमारास मिशिगन येथील न्यूबर्ग आणि मार्श या डॉक्टरांनीं ॲलन यांच्या पद्धतीला निराळें वळण दिलें. त्यांनीं कर्बोदकें थोडीं ठेविलीं, प्रथिनेंही बेतानें दिलीं. परंतु उष्मांक कमी न करतां ते लोणी, साय अशा स्निग्ध पदार्थांनीं भरून काढले. ज्याच्या शरीरांत थोडेंतरी इन्शुलिन शिल्लक आहे अशा रुग्णाला साखर आटोक्यांत ठेवून उपासमार टाळण्याचा तो मार्ग होता. ज्याच्यापाशीं तें मुळींच नाहीं त्याला मात्र या स्निग्ध आहाराचा आधार पुरेसा होत नसे. कारण मेदापासून कीटोन बनत राहण्यास तेथें कोणताच अटकाव नसे.

कर्बोदकें कमी करणें आणि अन्न कमी करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी घरांत मात्र त्या सहज एक होऊन जातात, कारण आपलें ताट भात, भाकरी व पोळी यांच्यावरच उभें असतें. बाकीचे पदार्थ तोंडीं लावण्यापुरते. तांदळांत शेंकडा सुमारें ७८ भाग कर्बोदकें असतात, ज्वारीच्या पिठांत सुमारें ७०. दिवसाचा भात व भाकरी मिळून ८० ग्रॅम तांदूळ आणि ८० ग्रॅम पीठ कमी केलें तर सुमारें ११८ ग्रॅम कर्बोदकें वगळलीं गेलीं, हें ठीक. परंतु त्याबरोबर सुमारें ५५० उष्मांकही गेले. त्यांच्या जागीं कांकडी आणि टोमॅटो ठेविले तर रुग्णाची साखर उतरेल आणि वजनही उतरेल. साखरेचा आंकडा पाहून घरचे आनंदतील, आणि दुबळा मनुष्य अधिक दुबळा होईल.

तीच उणीव ५० ग्रॅम शेंगदाणे, २० ग्रॅम तूप व दोन अंडीं यांनीं भरून काढली तर ६०० उष्मांक मिळतात आणि कर्बोदकें दहा ग्रॅमांच्या आसपासच राहतात. म्हणून नियम असा कीं जेवढें काढावयाचें तेवढें दुसऱ्या रूपानें आधीं ताटांत आलें पाहिजे. वजन नुसतें राखावयाचें नसून वाढवावयाचें असेल तर आणखीही भर हवी. ढोबळ हिशेबानें आठवड्याला अर्धा किलो वजन वाढण्यास रोज सुमारें ५०० उष्मांक जादा लागतात.

स्वयंपाकघरांतील हिशेब

दिवसाला १३० ग्रॅमांहून कमी कर्बोदकें असलेल्या आहाराला सामान्यतः अल्प कर्बोदकांचा आहार म्हणतात. त्यांत भाकरीला मुळींच मज्जाव नाहीं. दोन्ही जेवणांत एकेक लहान भाकरी, एक वाटी उसळ किंवा आमटी, आणि दूधदही धरूनही हा हिशेब बसूं शकतो. डाळींत प्रथिनें पुष्कळ असलीं तरी निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो. म्हणून डाळ ही केवळ प्रथिनांची वस्तु समजून वाटीमागून वाटी घेणें बरोबर नाहीं.

भर घालण्यास आपल्या स्वयंपाकघरांत साधनें भरपूर आहेत. पालेभाजींत शेंगदाण्याचें कूट, कोशिंबिरींत तीळ, भाजींत ओलें खोबरें, जेवतांना जवसाची किंवा कारळ्याची चटणी, सायीचें दही, पनीर, यांनीं ताटाचा आकार न वाढवितां पोषण वाढतें. भूक मंदावलेल्या रुग्णाच्या बाबतींत हें फार महत्त्वाचें आहे. त्याला मोठें ताट पाहूनच नको वाटतें. मासे, अंडीं, कोंबडी खाणाऱ्यांचें काम सोपें होतें. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात आणि कर्बोदकें जवळजवळ नसतातच. शाकाहारी घरांत पनीर, दही, सोयाबीन व शेंगदाणे यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. तीन मोठ्या जेवणांऐवजीं पांच-सहा लहान खाणीं ठेविलीं तर तीं पचतात आणि साखरही एकदम उसळत नाहीं. तेलातुपाची निवड करतांना हृदयविकार असलेल्यानें तुपाचा हात आंखडता ठेवून शेंगदाणा, तीळ यांसारखीं तेलें व दाणे यांकडे अधिक वळावें.

दीर्घ आजारानें खंगलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागें दिवसाला सुमारें १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें द्यावींत, असें आहारशास्त्र सांगतें. म्हणजे ४५ किलोच्या माणसाला ५४ ते ६८ ग्रॅम. मूत्रपिंडें बिघडलेल्या रुग्णाला हा आंकडा लागू नाहीं. त्याचें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें. शिवाय गेलेला स्नायु नुसत्या खाण्यानें परत येत नाहीं. खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें, जिन्याच्या चार पायऱ्या चढणें, पाण्यानें भरलेला तांब्या उचलणें, असा थोडा भार स्नायूंवर पडला तरच प्रथिनें त्यांच्या कामीं येतात. तसें न झाल्यास वाढलेलें वजन बहुतांशीं चरबीचें होतें.

वजनकाट्यावरील आंकडाही समजून वाचावा लागतो. कर्बोदकें कमी केल्यावर पहिल्या आठवड्यांत किलो-दोन किलो वजन उतरलें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. यकृतांत व स्नायूंत सांठविलेल्या पिष्टाबरोबर त्याच्या सुमारें तिप्पट पाणी बांधलेलें असतें, तें निघून जातें. उलट इन्शुलिन सुरू केल्यावर चार दिवसांत दोन किलो वाढले आणि पावलांवर सूज दिसली तर तें मांस नव्हे, पाणी होय. वजन आठवड्यांतून एकदां, सकाळीं, त्याच काट्यावर पाहावें. आणि त्याबरोबर दंडाचा घेरही फितीनें मोजून लिहून ठेवावा.

धोक्याच्या जागा

हा आहार निरुपद्रवी आहे असें समजून घरच्याघरीं सुरू करणें मात्र धोक्याचें आहे. जो रुग्ण इन्शुलिन किंवा स्वादुपिंडाला उत्तेजन देणाऱ्या गोळ्या घेत आहे, त्यानें औषध तेंच ठेवून भात-भाकरी कमी केली तर रक्तांतील साखर धोकादायकपणें खालीं जाते. घाम, थरथर, भूक, गोंधळ हीं तिचीं लक्षणें. अशा वेळीं तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत घालून तत्काळ द्यावी. कर्बोदकें कितीही कमी केलेल्या घरांत साखरेचा डबा हाताशीं असलाच पाहिजे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां त्याला ताबडतोब रुग्णालयांत न्यावें.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या कांहीं गोळ्या, जसें डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, यांनीं वजन उतरतें. आणि त्यांच्या जोडीला कर्बोदकें फार कमी केलीं तर रक्तांतील साखर फारशी न वाढतांही कीटोन सांचून रुग्ण अत्यवस्थ होऊं शकतो. कृश रुग्णाच्या बाबतींत या गोळ्या चालू ठेवाव्यात काय, हें डॉक्टरांना मुद्दाम विचारावें. ज्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे त्यानें तर कोणत्याही आहाराच्या भरंवशावर इन्शुलिन एक दिवसही बंद करूं नये.

फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न देणें हेंही संकट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंदिवासांतून सुटलेल्या उपाशी माणसांना पोटभर अन्न मिळालें तेव्हां त्यांतील कांहीं दगावले. अन्न येतांच इन्शुलिन वाढतें व रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढलें जातें. त्यामुळें हृदय आणि श्वास यांवर आघात होतो. म्हणून अतिशय खंगलेल्या रुग्णाचा आहार रुग्णालयाच्या देखरेखीखालीं पायरीपायरीनें वाढवावा लागतो.

आणखी एक गोष्ट भारतांत विसरून चालणार नाहीं. मधुमेह्याला क्षयरोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारें तिप्पट असतो. साखर आटोक्यांत आहे, खाणें चांगलें आहे, आणि तरीही वजन उतरतच आहे, असें दिसलें तर आहाराच्या चर्चेंत महिने न घालवितां थुंकीची व छातीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोग्याच्या बाबतींत वजन हें केवळ शोभेचें नाहीं. झारखंडमधील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले त्यांत उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन वाढलें त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें. तेथें दिलेल्या शिध्यांत तांदूळ होता, डाळ होती, दुधाची भुकटी व तेल होतें. म्हणजे ज्याला मधुमेह नाहीं अशा कृश रोग्याचा भात काढून घेण्याचें कांहींच कारण नाहीं.

निदान आधीं, पथ्य नंतर

कृश मधुमेह्यांचा एक वर्ग असाही आहे कीं ज्यांच्या शरीराची वाढ बालपणापासून अपुऱ्या अन्नावर झाली आहे. असा मधुमेह १९५५ सालीं जमेका बेटांत वर्णिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८५ सालीं त्याला स्वतंत्र स्थान दिलें व १९९९ सालीं तें काढून घेतलें. वेल्लोर येथील अभ्यासकांनीं अशा रुग्णांत इन्शुलिनचा स्राव कमी असतो, पण मिळालेल्या इन्शुलिनला शरीर बरें दाद देतें, असें दाखवून दिलें. आणि २०२५ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें त्याला पांचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला स्थूल रुग्णाचें पथ्य लावणें म्हणजे ज्या उपासमारीनें रोग आला तिचीच पुन्हां आज्ञा देणें होय.

म्हणून ज्या घरांत मधुमेही मनुष्य वाळत चालला आहे त्या घरानें पहिला प्रश्न भाताचा करूं नये. वजन कां उतरतें, इन्शुलिन पुरेसें आहे काय, दुसरा रोग दडला आहे काय, हें आधीं ठरवून घ्यावें. औषधाची मात्रा आहाराशीं जुळवून घ्यावी. मग ताटांतून काढावयाचें तें काढावें, परंतु त्याची भरपाई त्याच जेवणांत करावी. पुढच्या वेळीं डॉक्टरांकडे जातांना साखरेच्या आंकड्यांच्या कागदावर वजनाचाही एक रकाना आंखून न्यावा, म्हणजे दोन्ही बाजू त्यांच्यासमोर एकदम येतील.